टेस्ट ड्राइव्ह मागच्या सीटवरूनही घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: रोजच्या वापराची गाडी घरात आहे. मुलं दोन, एक सात वर्षांचं आणि एक दहा. सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना घेऊन छत उघडून भटकता येईल अशी आठ-दहा वर्षं जुनी, दमदार इंजिनाची, चार सीटर कन्व्हर्टिबल बघून ठेवली आहे. टेस्ट ड्राइव्हला नेमकं काय बघायचं? आणि एक मित्र म्हणतोय, मागची सीट नावालाच असते, सरळ दोन सीटर घे. त्याचं ऐकायचं का?

मित्राचं शेवटी बघू. गेली वीसेक वर्षं मी घेणाऱ्यांच्या वतीने जुन्या गाड्या तपासून देतो, आणि उघड्या छताच्या गाडीबद्दल माझा पहिला आग्रह एकच असतो: पहिली फेरी छत बंद ठेवून मारा. तुम्ही पोहोचायच्या आत विकणारा छत उघडून, गाडी पुसून, उन्हात उभी करून ठेवतो. त्यात लबाडी असतेच असं नाही. गाडी तशीच छान दिसते म्हणून तो ठेवतो. पण छत उघडं असलं की तुमचे कान निकामी होतात. सस्पेन्शनची खडखड, व्हील बेअरिंगची गुरगुर, दाराच्या रबरातून येणारी शिट्टी, ओलसर कार्पेटचा वास, सगळं अक्षरशः वाऱ्यावर जातं. शिवाय चेहऱ्यावर वारा आणि ऊन आलं की माणूस पाचव्या मिनिटाला मनातल्या मनात गाडी घेऊन मोकळा झालेला असतो. हे मी स्वतः करून बसलो आहे. माझी पहिली कन्व्हर्टिबल मी एका स्वच्छ दुपारी, छत उघडं ठेवून चालवली आणि त्याच संध्याकाळी घेतली. पहिल्या पावसात डाव्या सीटखाली बोटभर पाणी साचलं.

म्हणून पाण्यापासूनच सुरुवात करतो. या गाड्यांचा खरा शत्रू इंजिनात नसतो, कार्पेटखाली असतो. छतावरून ओघळणारं पाणी कडेच्या पन्हाळीतून खाली यावं आणि नळ्यांमधून गाडीच्या पोटाखाली पडावं अशी रचना असते. या नळ्यांमध्ये पाला, धूळ, कापडाचे तंतू अडकतात आणि पाणी आत वळतं. माझ्दा एमएक्स-५ च्या सुरुवातीच्या पिढ्यांत हे पाणी दाराखालच्या पट्ट्यात मुरतं आणि मागच्या चाकाच्या पुढचा पत्रा आतून कुजतो. बाहेरून रंगाला फोड दिसतो तोपर्यंत आत जाळी झालेली असते. पहिल्या पिढीच्या पोर्शे बॉक्सटरमध्ये सेंट्रल लॉक आणि इमोबिलायझरचं नियंत्रण करणारा इलेक्ट्रॉनिक डबा सीटखाली आहे. तिथे पाणी साचलं की गाडी किल्लीलाच ओळखत नाही. तेव्हा गाडी सुरू करण्याआधी गुडघ्यावर बसा. पायाशी असलेला रबरी मॅट उचला, कार्पेटच्या कडेतून हात घाला आणि खालचा फोम दाबा. वरचा गालिचा कोरडा आणि फोम ओला, हे चित्र मी इतक्या वेळा बघितलंय की आता कोरडा फोम लागला की जरा आश्चर्यच वाटतं. सीटचे रूळ ज्या बोल्टने जमिनीला धरलेत त्यांच्यावर गंज आहे का बघा. डिकीत स्टेपनीच्या खळग्यात हात फिरवा. आणि मागचे सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून काढा. गाडी कितीही स्वच्छ करून आणली तरी बेल्टचा गुंडाळलेला भाग कुणी धूत नाही. ओल खेळून गेली असेल तर तिथे बुरशीचे काळे ठिपके आणि पाण्याच्या रेघा सापडतात.

विकणाऱ्याची हरकत नसेल तर पन्हाळीत अर्धा पेला पाणी हळूच ओता आणि दोन्ही बाजूंना खाली ठिबकतं का बघा. त्याहून बरं म्हणजे बागेच्या पाइपने, जोर न लावता, दहा मिनिटं छतावर पाणी सोडून आत बसून राहणं. समोरच्या काचेचा वरचा कोपरा आणि दोन काचा एकमेकींना भेटतात ती जागा, गळती बहुतेक इथेच सापडते. प्रेशरचा फवारा मात्र नको. त्याने चांगलं रबरही हार मानतं आणि उगाच वाद होतो.

आता छत. ते उघडून दाखवायला सांगू नका, स्वतः उघडा. आधी सपाट जागा बघा. एक चाक उंचवट्यावर असेल तर बॉडी किंचित पिळलेली असते आणि निरोगी छतही शेवटच्या इंचाला अडखळतं. इंजिन सुरू ठेवा, कारण पंप भरपूर वीज खातो आणि अर्धमेली बॅटरी छताला मध्येच सोडून देते. डिकीतला पडदा किंवा फळी खाली लावलेली हवी, नाहीतर बटण दाबून काहीच होणार नाही आणि तुम्ही समजाल की छत बिघडलंय. मग बटण दाबा आणि समोर न बघता, मान वळवून दोन्ही बाजू बघत राहा. डावी-उजवी बाजू एका लयीत हलली पाहिजे. एक बाजू मागे रेंगाळत असेल, तर त्या बाजूचा हायड्रॉलिक सिलिंडर थकलाय किंवा सांधा वाकलाय. पंपाचा आवाज एकसारखा हवा. मध्येच कण्हत असेल तर तेल कमी आहे, आणि तेल कमी आहे म्हणजे कुठून तरी जातंय. काही गाड्यांत पुढचं कुलूप उघडणारा सिलिंडर आरशाच्या वर, काचेच्या चौकटीत असतो. तो गळला की तेल थेट चालकाच्या डोक्यावर पडतं, त्यामुळे तिथल्या अस्तरावर तेलकट डाग आहे का हे वर बघून तपासा. जुन्या छतात मध्येच थांबण्याचं आणखी एक कारण म्हणजे छोटे स्विच. प्रत्येक टप्पा पूर्ण झाल्याचा निरोप एकेक स्विच देतो, आणि एकाने निरोप दिला नाही की सगळी वरात तिथेच थांबते. स्विच स्वस्त, पण तो शोधून काढायला कारागिराचा वेळ जातो.

हे सगळं दोनदा करा: एकदा गाडी थंड असताना, एकदा फेरी मारून, उन्हात तापवून आल्यावर. तापलेलं रबर फुगतं, चिकटतं, आणि सकाळी गुपचूप बंद झालेलं छत दुपारी कुरकुरायला लागतं. लागोपाठ चार-पाच वेळा मात्र नको. पुष्कळ गाड्यांत पंप तापला की तो स्वतःच संप पुकारतो, आणि दोष नसताना दोष दिसतो.

कापडी छत की पत्र्याचं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण विचारायला हवा होता. पत्र्याचं घडीचं छत आधुनिक वाटतं, प्रत्यक्षात ते १९३४ मध्ये प्यूजोच्या ६०१ एक्लिप्समध्ये आलं होतं. त्यामागचा कल्पक माणूस, जॉर्ज पोलां, व्यवसायाने दंतवैद्य होता. फोर्डने १९५७ ते १९५९ या काळात स्कायलायनरमध्ये ते करून बघितलं आणि सोडून दिलं. १९९६ च्या मर्सिडीज एसएलकेनंतर त्याची लाटच आली. चार सीटर गाडीत एवढं लांब छत डिकीत मावायचं तर त्याचे तुकडे करावे लागतात: व्होल्वो सी७० च्या दुसऱ्या पिढीत आणि बीएमडब्ल्यूच्या ई९३ (३ सिरीजची कन्व्हर्टिबल) मध्ये तीन, फोक्सवॅगन ईओसमध्ये सनरूफसकट पाच. जितके तुकडे तितके सांधे, जितके सांधे तितकी रबरं, आणि त्या रबरांना वेळच्या वेळी योग्य वंगण लावलं नाही तर ती गळतात आणि करकरतात. बंद असताना ही गाडी घरासारखी शांत असते, हे मान्य. पण उघडल्यावर डिकीचा वरचा भाग छतच व्यापतं आणि सामान एका अरुंद फटीतून सरकवावं लागतं. चौघांचं कुटुंब असेल तर माझा कल कापडाकडे आहे. ते हलकं असतं, उघडल्यावर डिकी बऱ्यापैकी शिल्लक राहते, आणि दहा वर्षांनी विटलं तर गाड्यांची छतं शिवणारा चांगला कारागीर नवीन चढवू शकतो. फक्त घडी पडते त्या रेषेवर कापड झिजलंय का, आणि मागची काच कापडाला जिथे चिकटवलेली आहे तिथे सुटायला लागलीय का, हे बोटाने चाचपून बघा. काचेऐवजी पारदर्शक प्लास्टिक असेल तर ते पिवळट आणि ठिसूळ होतं. थंडीत तशीच घडी घातली तर सरळ तडकतं.

आता चालवू. कापलेल्या छताची गाडी म्हणजे झाकण काढलेला बुटाचा खोका. झाकण असताना तो पिळला जात नाही, काढलं की दोन बोटांनी वाकतो. कंपन्या खाली जाड पोलाद भरून ही उणीव भरून काढतात, म्हणून कन्व्हर्टिबल तिच्याच बंद छताच्या भावंडापेक्षा जड असते, साधारण शंभर ते दोनशे किलोंनी. तरी थोडी थरथर उरते. ती मोजायची पद्धत सोपी आहे. छत उघडं ठेवून खडबडीत रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगाने जा आणि आतल्या आरशात बघा. आरशातलं चित्र किंचित हलणं ठीक आहे. चित्र फाटत असेल, स्टेअरिंगचा दांडा वेगळा आणि डॅशबोर्ड वेगळा हलतोय असं वाटत असेल, तर एक तर ते मॉडेलच ढिलं आहे किंवा ही गाडी कधीतरी जबर ठोकली गेली आहे. दुसरी परीक्षा उभ्या उभ्या: एक पुढचं चाक फूटपाथच्या कडेवर चढवा आणि दोन्ही दारं उघडून लावून बघा. सपाटीवर सहज लागणारं दार तिथे अडत असेल तर बॉडी फार पिळतेय. हे केवळ आरामाचं नाही. अपघातात सापडलेल्या कन्व्हर्टिबलची मोजमापं पुन्हा जुळवणं बंद गाडीपेक्षा खूप कठीण असतं, कारण वरून धरून ठेवणारं काही नसतं. दारांच्या आणि डिकीच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, काचेच्या चौकटीवर रंगाचा वेगळा थर आहे का, हे नीट बघा.

‘स्पोर्टी’ या शब्दाने इथे एक खास धोका येतो. आधीच्या मालकाने गाडी खाली बसवली असेल, कडक स्प्रिंगा आणि मोठी चाकं घातली असतील, तर फोटो झकास येतात. पण ज्या बॉडीला छत नाही तिला कडक सस्पेन्शन म्हणजे दाढदुखीवर सुपारी फोडायला दिल्यासारखं आहे. प्रत्येक खड्डा थेट सांध्यांत जातो, रबरं सैल होतात, छत करकरायला लागतं. कंपनीतून आलेले रन-फ्लॅट टायरही (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे) कडक असतात. ते बदलून साधे टायर घातल्यावर तीच गाडी माणसात आलेली मी बघितली आहे. कौटुंबिक मजेसाठी घेत असाल तर अनछेडलेली गाडी घ्या, दहा अश्वशक्ती कमी असली तरी.

इंजिन-गिअरचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते कुठल्याही वापरलेल्या गाडीसारखंच आहे. जाण्याआधी सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. पहिल्या स्टार्टला टायमिंग चेनचा खळखळाट आणि निळा धूर, दोन्ही तेव्हाच दिसतात. थंड गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या गिअरला खरखर होते का बघा. वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिन नुसतंच ओरडलं आणि वेग वाढला नाही तर क्लच गेला. टायर आतल्या कडेने जास्त झिजलेत का बघा. ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावाच, आणि फक्त एरर कोड नाही म्हणून खूश होऊ नका. आतल्या स्वयंचाचण्या अपूर्ण दाखवत असतील तर कुणीतरी कालच कोड पुसलेत. प्रत्येक मॉडेलचं एखादं ठरलेलं दुखणं असतं, जसं ९९६ पिढीच्या पोर्शे ९११ मध्ये आयएमएस, म्हणजे इंजिनातल्या मधल्या शाफ्टच्या, बेअरिंगचं. तुमच्या मॉडेलचं कुठलं, हे आधी माहीत करून घ्या आणि त्यावरच्या कामाचं बिल मागा.

आणि कमी किलोमीटरला भुलू नका. हौसेची गाडी वर्षातून थोडीच फिरते, उरलेला वेळ उभी असते. टायरची नक्षी नवी कोरी दिसते, पण कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. तो टायर ओल्या रस्त्यावर तुमच्या मुलांना घेऊन जायच्या लायकीचा नाही, नक्षी कितीही खोल असो. ब्रेक डिस्कला कडेने गंज चढतो, रबरं सुकतात. दर महिन्याला हलवलेली, लाखभर चाललेली गाडी मला वीस हजार चाललेल्या उभ्या गाडीपेक्षा पुष्कळदा बरी वाटते.

आता ज्यासाठी हे सगळं चाललंय ते: कुटुंब. दुसऱ्या फेरीला मुलांना घेऊन जा, आणि त्यातली दहा मिनिटं तुम्ही स्वतः मागे बसा. चालवायला जोडीदार किंवा विकणारा असू दे. तुम्ही मागे बसल्याशिवाय ही गाडी तुमच्या कुटुंबाची आहे की तुमच्या एकट्याची, ते कळणार नाही. समोरची काच हवा कापते, तिच्या मागे कमी दाबाची पोकळी तयार होते आणि हवा तिथे गोल फिरते. म्हणून पुढच्यांचे केस उलटे, मागून पुढे उडतात. पुढे बसलेल्यांना हे गमतीचं वाटतं. मागच्यांना मात्र वरून आणि समोरून सरळ झोत बसतो. ऐंशीच्या वेगाने, आधी चारही काचा खाली ठेवून आणि मग वर करून, मागे किती वेळ बसवतं ते बघा. तिथून तुम्ही पुढच्याशी बोलू शकता का? मुलांना ‘पाणी हवंय’ एवढं सांगता येतं का? विकणारा वारा अडवणारी जाळी दाखवेल आणि म्हणेल, ही लावली की काही होत नाही. खरं आहे, पण चार सीटर गाडीत ती जाळी मागच्या सीटवर आडवी बसते. जाळी लावली की मागे माणूस नाही, आणि मागे माणूस बसला की जाळी नाही. हे जाहिरातीत कुणी सांगत नाही.

मागची पाठ बहुतेक सरळ उभी असते, कारण तिच्यामागे छताची जागा आहे. दहा वर्षांच्या मुलाचे गुडघे आज मावतात, दोन वर्षांनी? तुमची पुढची सीट रोजच्या जागी ठेवूनच मोजा. सातवाल्यासाठी बूस्टर (मुलाला बेल्टच्या उंचीला आणणारी सीट) लागत असेल तर तोच घरून घेऊन जा आणि बसवून बघा. घडीच्या छतामुळे खांद्यापाशी बेल्टची जागा विचित्र असते आणि उंच पाठीचा बूस्टर कधी कधी छत बंद करताना आड येतो. मुलांची सीट गाडीला पक्की अडकवायचे आयसोफिक्सचे हुक आहेत का बघा. मागे दोनच बेल्ट असतात, मधली जागा नसते. आजी-आजोबांपैकी एकालाही बरोबर न्यायचा विचार असेल तर गणित तिथेच संपलं.

गाडी उलटली तर काय, हा प्रश्न घरातून येणारच. समोरच्या काचेची चौकट मजबूत असते, आणि मागच्या सीटच्या मागे एकतर कायमचे कठडे असतात किंवा गाडी उलटतेय असं सेन्सरना कळताच वर उसळणारे दांडे. मर्सिडीजने १९८९ च्या एसएलमध्ये असा दांडा दिला होता. तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात उभा राहायचा. तुम्हाला एवढंच करायचंय: किल्ली फिरवल्यावर एअरबॅग आणि या दांड्यांच्या यंत्रणेचा दिवा लागून विझतो का ते बघा. लागतच नसेल तर कुणीतरी बल्ब काढलाय, आणि मग त्या गाडीतून उतरून नमस्कार करा. बाजूच्या पडद्यासारख्या एअरबॅग बंद गाडीत छतातून पडतात, इथे छत नाही. सी७० सारख्या काही गाड्यांत त्या दारातून वर येतात. तुमच्या गाडीत काय आहे ते माहितीपत्रकात वाचा.

परत आल्यावर मुलांना विकणाऱ्यासमोर ‘आवडली का’ विचारू नका. तिथे ती ‘हो’च म्हणतात. घरी गेल्यावर विचारा, आणि मागे परत बसशील का असं विचारा.

राहता राहिला मित्र. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे: पुष्कळ चार सीटर कन्व्हर्टिबलमध्ये मागची सीट शेवटी दप्तरं आणि जॅकेट ठेवायला उरते. मागे बसून तुम्हाला पाच मिनिटांत नकोसं झालं, तर मुलांना पुढच्या वर्षी होईल, आणि मग तुम्ही जास्त वजनाची, जास्त सांध्यांची, कमी चपळ गाडी उगाच सांभाळत बसाल. अशा वेळी एमएक्स-५ सारखी हलकी दोन सीटर आणि ‘एका रविवारी एक मूल’ असा नियम, हे मी दोन-तीन घरांत चांगलं चाललेलं बघितलंय. मुलांना आई किंवा बाबा तासभर एकटे मिळतात, त्यामुळे ती पाळी सोडत नाहीत. फक्त दोन सीटरमध्ये मूल पुढे, एअरबॅगसमोर बसणार. तेव्हा ती एअरबॅग बंद करायचा किल्लीचा स्विच किंवा सीटखालचा सेन्सर आहे का, तो चालतो का, आणि त्या वयाच्या मुलाला पुढे बसवण्याबद्दल गाडीचं माहितीपत्रक आणि तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो, हे आधी वाचा. सीट शेवटपर्यंत मागे सरकवूनच मूल बसवा. आणि पाठमोरी बसणारी बाळाची सीट चालू एअरबॅगसमोर कधीच लावायची नाही, दोन मिनिटांच्या फेरीसाठीसुद्धा.